कंपनीचा बंपर डुप्लिकेटच्या भावात मिळतो का?

तुम्ही विचारलंय की समोरचा बंपर आणि एक हेडलाइट फुटलाय, नाना पेठेत डुप्लिकेट बंपर जवळपास निम्म्या भावात मिळतोय, आणि अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिकडे कंपनीच भाव उतरवून ओरिजिनल देते. तर पुण्यात तसं मागता येईल का?

मी बॉडीशॉपमध्ये एस्टिमेट काढतो, त्यामुळे हे रोजचंच आहे. भाऊ सांगतोय ते खरं आहे. जनरल मोटर्सची 'बम्प द कॉम्पिटिशन' ही तशीच योजना. तिकडे विमा कंपन्या बऱ्याचदा एस्टिमेटमध्येच स्वस्त, दुसऱ्या बनावटीचा पार्ट धरतात. गॅरेज ते एस्टिमेट डीलरला ऑनलाइन पाठवतं, डीलर ओरिजिनल पार्ट त्या भावाला टक्कर देईल असा देतो आणि त्याची तूट कंपनी भरून देते. सूट घेतो तो गॅरेजवाला. गाडीमालकाला मिळतो तो ओरिजिनल पार्ट.

आपल्याकडे अधिकृत वर्कशॉपमधला क्लेम ओरिजिनल पार्टच्या एमआरपीवरच निघतो. समोर स्पर्धक नसेल तर कंपनी भाव कशाला उतरवेल? सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

पण एमआरपी ही कमाल किंमत असते, हे लोक विसरतात. पार्ट नंबर घेऊन नाना पेठेत कंपनीचाच माल ठेवणाऱ्या दोन-तीन दुकानांत विचारा आणि स्पष्ट म्हणा, "एमआरपीवर किती कमी?" न मागता कुणी देत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा खोक्यावरची जुनी किंमत कुणी लावत नाही ना, तेही बघा.

हेडलाइटसाठी आणखी एक वाट आहे. लुमॅक्ससारखे कारखाने गाडी कंपन्यांना दिवे पुरवतात आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात. तुमच्या मॉडेलचा मिळाला तर मी तोच घेईन. नावगाव नसलेल्या दिव्याची काच लवकर पिवळी पडते.

क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात. समजा बंपर ५,००० चा आहे: २,५०० उरले, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे सक्तीची वजावट (क्लेममधला स्वतः भरायचा ठरावीक वाटा) म्हणून १,००० गेले, हातात १,५००. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जातो; तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, असेल तर गणित वेगळं, तेव्हा क्लेम परवडू शकतो.

डुप्लिकेट बंपर घेतलाच तर रंगवण्याआधी गाडीवर लावून बघा. क्लिपा बसत नाहीत, फेंडरपाशी फट राहते, आणि रंगवलेला माल दुकानदार परत घेत नाही. जुना बंपर उतरवल्यावर आतली लोखंडी पट्टी तपासून घ्या. ती वाकली असेल तर तिथे डुप्लिकेट नको. धडकेचा पहिला मार तीच झेलते.