खानावळीतला रंजका घरी का बिघडतो?

प्रश्न : मावशी, बेळगावच्या खानावळीत टेबलावर वाटीत लालभडक रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरच्यांची वाटलेली चटणी, असतो. भाकरीबरोबर तो आम्हांला फार आवडतो. ओल्या लाल मिरच्या आणून घरी केला, तर पंधरा दिवसांत वर पांढरा थर आला. शिवाय एवढा जहाल, की मुलांनी हातच लावला नाही. काय चुकलं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी तो रंजका टाकून द्या. वरचा थर काढून खाली उरलेला खाऊ नका.

मिरच्या देठ काढून धुतल्यात का? देठाच्या भोकातून पाणी आत जातं आणि तिथलं पुसता येत नाही. देठासकट धुवायच्या, पुसायच्या, रात्रभर पंख्याखाली पसरायच्या, देठ सकाळी काढायचे. मिठाला हात आखडू नका. किलोला आम्ही दीडशे ग्रॅम खडेमीठ घालतो, शिवाय लसूण, तळलेल्या मेथीची पूड, हिंग आणि दहा लिंबांचा रस. बरणी चिनीमातीची, पळी कोरडी.

खानापुरात माझ्या आत्याची खानावळ होती. मोठी बरणी आत असायची, टेबलावरच्या वाट्या रोज सकाळी भरायच्या. वाटीत उरलेलं बरणीत परत जायचं नाही, हा तिचा नियम. दहावीत असताना मी एका रात्री उरलेली वाटी बरणीत ओतली. तिच्यात भाकरीचा कण असावा. आठवड्याभरात पाच किलो रंजक्यावर बुरशी धरली. आत्या मला काही बोलली नाही, पण "आज रंजका नाही" असं प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगत राहिली. ते मला अजून लागतं.

आता तिखटाचं. तुम्ही बहुतेक संकेश्वरी घेतली असणार, ती झणझणीत. हावेरीकडची ब्याडगी सुरकुतलेली, गडद रंगाची आणि तिखटाला मवाळ. २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. दोन वाटे ब्याडगी, एक वाटा संकेश्वरी घ्या. रंगासाठी बाजारचा लाल रंग मात्र कृपा करून घालू नका, ब्याडगी असताना त्याची गरजच नाही. आणखी कमी हवं असेल तर मिरचीच्या आतली पांढरी शीर काढा. तिखट तिच्यात असतं. बियांना ते तिच्यामुळेच लागतं.

मुलांना रंजका दह्यात कालवून द्या. तोंड भाजलं तरी पाणी देऊ नका, तिखट पाण्यात विरघळत नाही. दह्याचा किंवा दुधाचा घोट द्या.