सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी उठत नाही

प्रश्न : काका, नमस्कार. माझी २००७ची डिझेल पिकअप आहे, इंजिनाला डिझेल देणाऱ्या जुन्या मेकॅनिकल पंपाची. पहाटे कळव्याहून निघायचं, वाशीच्या एपीएमसीतून भाजी उचलायची आणि ठाण्यात जांभळी नाक्याला उतरवायची, हा रोजचा धंदा. पाऊस संपल्यापासून गाडी पहाटे उठत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. फिल्टरकडचा हातपंप मारून, पुन्हा पुन्हा सेल्फ मारून शेवटी भडभडत सुरू होते. मग दिवसभर कितीही वेळा बंद करा, एका किल्लीत चालू. बॅटरी नवी टाकली, सेल्फ खोलून आतले कार्बन (ब्रश) बदलले. आता मेस्त्री म्हणतात, पंप उतरवून कॅलिब्रेशनला टाकू, वीस-पंचवीस हजार धरून चला. रात्री गाडी आमच्या चाळीजवळच्या चढावर, तोंड वर करून उभी असते. मध्ये गावी गेलो तेव्हा भावाकडे घणसोलीला होती, तिथे सपाटी आहे. त्याला काही त्रास झाला नाही म्हणतो. पंप करून घेऊ का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : पंपाला हात लावू देऊ नका. निदान आत्ता तरी नाही. पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे : चढावर उठत नाही, सपाटीवर उठते. पंप झिजला असता तर त्याला घणसोली काय आणि कळवा काय! शिवाय झिजलेला पंप बहुतेक वेळा गरम इंजिनावर त्रास देतो, कारण डिझेल तापून पातळ होतं आणि आतल्या आत गळतं. तुमची गाडी गरम झाली की शहाण्यासारखी वागते.

तुमच्या गाडीने एअर घेतली आहे. रात्रभर पाइपातलं डिझेल उताराने मागे टाकीत जातं आणि त्याच्या जागी हवा शिरते. स्ट्रॉ सरबतात बुडवून वरच्या तोंडावर बोट दाबा, आतलं सरबत खाली पडत नाही. बोट किंचित सरकवलं की सर्रकन उतरतं. तसं कुठे तरी तुमचं बोट सरकलंय. ते कुठे, एवढंच शोधायचं.

आधी फुकटातली खात्री. दोन-चार रात्री गाडी सपाटीवर नाही तर उताराला तोंड करून लावा. उताराला तोंड असेल तर रिव्हर्स गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायला विसरू नका. पहाटे लगेच उठली तर पुढचं वाचा. नाही उठली, तर सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरकडे बघायला सांगा. अजिबात धूर नाही म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. मग इंजिन बंद करायची केबल किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) अडकलंय का ते बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, ते दुखणं वेगळं.

आता गळतीची जागा. मेस्त्री म्हणतील, ‘कुठे ओल दिसत नाही, गळती नाहीच.’ इथेच फसायला होतं. टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाकडे देतो तो छोटा फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथे भेग असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो. म्हणून फिल्टर, बॅन्जो बोल्ट (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट), ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सगळं कापडाने कोरडं पुसा, हातपंप घट्ट होईपर्यंत मारा आणि टॉर्च लावून बघा. ओल दिसली तर तिथले तांब्याचे वॉशर बदला. जुने पुन्हा वापरायला देऊ नका, ते एकदा दबले की दबले. हातपंपाच्या दांड्याशीही बघा, तिथलं सील जातं.

ओल नाही दिसली तर फीड पंपाच्या अलीकडे, त्याच मापाची वीतभर पारदर्शक डिझेलची नळी तात्पुरती जोडून इंजिन चालू ठेवा. नळीत बुडबुडे धावताना दिसले की दोष टाकीच्या बाजूला. क्लिपखालचा रबरी पाइप पिळून बघा, बारीक चिरा उघडतात. चेसिसवरचा लोखंडी पाइप पट्टीखाली गंजलाय का तेही बघा. चिखलपाण्यात चालणाऱ्या गाडीचा पाइप पट्टीमागेच सडतो. बुडबुडे नसतील तर फीड पंप खोलून आतला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल मागे जाऊ न देणारी झडप) साफ करायचा. बारीकसा कचरा अडकला तरी तो डिझेल धरून ठेवत नाही. यातलं बहुतेक सामान शे-पाचशेचं आहे, पंचवीस हजारांचं नाही.

दुरुस्ती झाली की एअर काढा : ब्लीड स्क्रू सैल करून फेस संपेपर्यंत हातपंप मारा, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. तरी नाही उठली तर नोझलकडचे नट सैल करून सेल्फ मारतात. हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या पंपाला. मुंबईत एप्रिल २०१० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-४ नियम लागू झाले, त्यानंतरच्या बऱ्याच गाड्या कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या आहेत. तिथे हजारपेक्षा जास्त बारचा दाब असतो, ती धार कातडीत घुसते. तिथे नटाला हात लावायचा नाही.

आणि तोवर पहाटेच्या घाईत एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरणं किंवा स्प्रे मारणं नको. सेल्फही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा. आत्ताच कार्बन घातलेत ना?

प्रश्न : किल्ली फिरवली की फक्त ‘टक’ आवाज येतो. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ठणठणीत आहे.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : असू शकेल. खाडीच्या दमट, खारट हवेत टर्मिनल आधी मरतात. ती उघडून पांढरा-हिरवा थर सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, घासून चकाकवा, आवळून वरून ग्रीस लावा. मग मीटर लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवताना ९.६च्या खाली कोसळली तर बॅटरीवाल्याशी भांडा. १२च्या आसपासच राहिली, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ फिरला तर अर्थिंगची पट्टी बदला. नाही फिरला तर सेल्फवरचं सोलेनॉइड उतरवून तपासायला द्या.