चित्रांची निगा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी जुनं तैलचित्र आहे, वर काच नाही. धूळ बसून रंग मळकट दिसतात. ओल्या फडक्याने किंवा कापलेल्या बटाट्याने पुसलं तर चालेल का?

उत्तर : कृपा करून दोन्ही करू नका. जुन्या तैलरंगात बारीक भेगा असतात. त्यांतून पाणी आत शिरलं की रंगाखालचा सरसाचा थर फुगतो आणि वरचे पापुद्रे सुटू लागतात. बटाट्याने थोडा मळ निघतोही, पण त्याचा स्टार्च भेगांत राहतो आणि तिथे पुढे बुरशी धरते.

आधी चित्र तपासा. खोली अंधारी करून टॉर्चचा झोत बाजूने, चित्राला जवळजवळ समांतर टाका. समोरून न दिसणारे, उचललेले पापुद्रे आता सावली पाडतील. एक जरी सुटा दिसला तरी ब्रशही लावू नका. रंगाची बाजू वर ठेवून चित्र आडवं ठेवा आणि चित्रसंवर्धकाला दाखवा.

रंग सगळीकडे घट्ट असेल, तर मऊ केसांचा, रुंद, कोरडा आणि कोरा ब्रश घ्या. केस जिथे बसवलेले असतात त्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर नेमका त्याचाच ओरखडा उठतो. चित्र किंचित पुढे झुकवून वरून खाली हलक्या हाताने झाडा, म्हणजे धूळ चित्रावर न बसता खाली पडेल. फडकं कोरडंही नको; त्याचे धागे रंगाच्या उंचवट्यांत अडकतात.

एवढ्याने धूळ जाईल, पिवळेपणा जाणार नाही. तो बहुधा जुन्या व्हार्निशचा असतो. व्हार्निश काढायला द्रावक लागतं आणि अंदाज चुकला तर खालचा रंगही सुटतो, म्हणून ते काम जाणकाराचंच.

प्रश्न : जलरंगातल्या चित्रावर माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कडेने तपकिरी रेघ उमटली आहे. काचेच्या आत पांढरट बुरशीही दिसते. काय करावं?

उत्तर : रेघ माउंटच्या पुठ्ठ्यामुळे आली आहे. लाकडाच्या लगद्याच्या साध्या पुठ्ठ्यात काळानुसार आम्ल तयार होतं आणि कापलेल्या कडेतून ते चित्राच्या कागदात उतरतं. उमटलेली रेघ घरी जाणार नाही, पण वाढ थांबवता येते : माउंट आणि पाठीचा पुठ्ठा दोन्ही आम्लमुक्त घ्या. चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगतं ठेवा. सेलोटेप नकोच, त्याचा गोंद कागदात मुरतो आणि ते डाग रेघेपेक्षा हट्टी निघतात. काच कागदाला टेकता कामा नये.

बुरशी ओली असताना पुसू नका, ती चोळली जाऊन कागदाच्या तंतूंत शिरते. चित्र इतर चित्रांपासून दूर, हवेशीर सावलीत वाळू द्या. थेट ऊन किंवा पंख्याचा झोत नको. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली आणि खालचा रंग सुटा नसेल, तरच तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने अलगद झाडा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला संधी मिळते, तेव्हा खोलीत आर्द्रतामापक असलेला बरा. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावूच नका. इतर भिंतींवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, मागे हवा खेळती राहते.

प्रश्न : अतिनील किरण अडवणारी काच लावली, तर जलरंगाचं चित्र खिडकीसमोर चालेल?

उत्तर : नाही. दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. कागदावरच्या चित्रांसाठी 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास उजेड धरतात. हिशोब एकूण उजेडाचा असतो : 200 लक्समधला एक तास म्हणजे 50 लक्समधले चार.

प्रश्न : अॅक्रिलिकचं चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळून ठेवलं आहे. ठीक आहे ना?

उत्तर : आजच सोडवा. अॅक्रिलिकचा थर उबेत मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. रंगाला सिलिकॉनचा लेप असलेला कागद लावा, बबल रॅप त्याच्या बाहेरून, बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवून.