फादर प्रो वेश का बदलायचे?

प्रश्न: मेक्सिकोचे फादर मिगेल प्रो वेश बदलून फिरायचे म्हणे, म्हणजे घाबरायचे का?

उत्तर: छे हो, घाबरणारा माणूस १९२६ला युरोपातून परत गेलाच नसता. प्रेसिडेंट कायेसनी चर्चवर इतके कडक कायदे लादले की बिशपांनी उघड मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) थांबवल्याच, मग हे जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे) फादर कधी मेकॅनिक तर कधी सुटाबुटातले साहेब बनून गुपचूप घरोघरी कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) द्यायचे, गरिबांना धान्यही पोचवायचे (नकला करण्यात पहिल्यापासून पटाईत, ते असं कामी आलं!). पुढे माजी प्रेसिडेंट ओब्रेगॉनवरच्या बॉम्बहल्ल्याचा आळ फादरांवर घातला, खटला वगैरे काही नाहीच, २३ नोव्हेंबर १९२७ला सरळ गोळ्या. तेव्हा क्रुसासारखे हात पसरून 'ख्रिस्तराजाचा विजय असो' म्हणाले. दहशत बसावी म्हणून सरकारनेच फोटो काढवले, आणि लोकांनी नेमके तेच श्रद्धेने जपले.