महाराष्ट्राच्या इतिहासात १ जुलैला काय काय घडलं?

१ मे सगळ्यांना पाठ असतो, पण आम्हा नंदुरबारवाल्यांना विचाराल तर १ जुलै. १९९८ साली याच दिवशी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. तोवर धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या माणसाला कलेक्टर ऑफिसात एक अर्ज द्यायचा म्हटलं तरी धुळं गाठावं लागायचं, पहाटे घाट उतरून एसटी धरायची, फडक्यात भाकरी बांधून न्यायची आणि साहेब मीटिंगला गेले असं ऐकून परत यायचं, आमचे आप्पा हे अजून रंगवून सांगतात. नवीन जिल्ह्यात सहा तालुके आले: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे आपलं धडगावच).

त्याच दिवशी तिकडे विदर्भात अकोल्यातून वाशिम पण वेगळा झाला, म्हणजे आमचा जुळा भाऊच म्हणा ना.

आणि १ जुलै १९१३ ला पुसद तालुक्यातल्या गहुलीत वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५, सलग अकरा वर्षांच्या वर मुख्यमंत्री, संकरित ज्वारी आणि ७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं त्यांच्याच काळातली. म्हणून हा दिवस राज्यात कृषी दिन. शाळेत आम्हाला झाडं लावायला न्यायचे, निम्मी पोरं मात्र घरच्या कापसात निंदायला गेलेली असायची 😄