‘आम्ही केलं’ म्हणजे नेमकं कुणी केलं?

‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटलं की डोकं कोरं पडतं. माझ्या नोकरीत सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही, मग मुलाखतीत बोलू काय? ही काळजी घेऊन मुलाखतीच्या तयारीसाठी येणाऱ्यांत नवखे कमी आणि तीन-चार वर्षं काम केलेले जास्त असतात.

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीत असलेल्या २६ वर्षांच्या मुलीची हीच तक्रार होती. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) मेकॅनिकल डिप्लोमा आणि साडेतीन वर्षांचा अनुभव. चाकणच्या एका कंपनीत तांत्रिक फेरी सहज पार पडली, एचआरच्या फेरीत मात्र गाडी अडली. तिथं तिला तीन गोष्टी विचारल्या होत्या: वरिष्ठांशी मतभेद झाला तो प्रसंग, स्वतःची एक चूक आणि वेळेच्या ताणाखाली घेतलेला एक निर्णय. तिची उत्तरं अशी होती: “माझे कुणाशी मतभेद होत नाहीत.” “मी नेहमी काळजीपूर्वक काम करते.” “ताणात मी शांत राहते.”

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण उत्तर एकातही नाही. विचारला होता प्रसंग आणि तिनं सांगितला स्वभाव. तोंडातून ‘नेहमी’ हा शब्द निघाला की समजावं, रूळ बदलला.

हे प्रश्न हवेतून आलेले नाहीत. माणसानं एखाद्या विशिष्ट वेळी प्रत्यक्ष काय केलं, याच्या नोंदी गोळा करून कामाचा अंदाज बांधायची रीत जॉन फ्लॅनागन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली सविस्तर मांडली. पुढं मुलाखतीत दोन प्रकार रुळले. ‘असं झालं तर काय कराल?’ हा एक आणि ‘असं झालं तेव्हा काय केलंत?’ हा दुसरा. पहिल्याला ‘मी असं करीन’ चालतं. दुसऱ्याला तेच उत्तर दिलं, तर समोरचा धरून चालतो की यांच्यावर तशी वेळ आलेलीच नाही.

“मॅडम, माझ्याकडं सांगण्यासारखं कायच नाही हो. आम्ही आपलं रोज गेज लावतो, रजिस्टर भरतो.” (गेज म्हणजे माप तपासायचं साधन.)

अशा वेळी ‘तुझं मोठं यश कोणतं’ असं विचारून काही हाती लागत नाही. यश आठवत नाही, वैताग आठवतो. म्हणून प्रश्न बदलले. घरी जायला सगळ्यात उशीर कधी झाला? कुठल्या दिवशी फोन खणखणत होता? कुणाशी दोन दिवस बोलणं बंद होतं? सोबत जुनं रिजेक्शन रजिस्टर आणि कामाच्या ग्रुपवरचे मेसेज आठवायला सांगितले. पंचवीस मिनिटांत चार प्रसंग निघाले. त्यातला एक तिनं असा सांगितला: “एकदा बोअर कमी निघाले. आम्ही सॉर्टिंग केलं आणि माल पाठवला.” (बोअर म्हणजे नगातलं गोल भोक; सॉर्टिंग म्हणजे चांगले-वाईट नग निवडून वेगळे करणं.)

इथं कोल्हापूरची खास अडचण आहे. आपल्याकडं स्वतःबद्दल बोलतानाही ‘आम्ही’ येतं, बायकांच्या तोंडीसुद्धा. गावात ते गोड वाटतं, ‘मी-मी’ करणाऱ्याकडं लोक तिरकं बघतात. पण चाकणच्या टेबलापलीकडच्या माणसाला ‘आम्ही सॉर्टिंग केलं’ यातून एवढंच कळतं, की सॉर्टिंग झालं. ते कुणाच्या डोक्यातून आलं आणि कुणी निस्तरलं, हे कळत नाही. गुण द्यायचे कुणाला?

म्हणून प्रत्येक ‘आम्ही’वर तिला थांबवलं. हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. बोअर ३२ एच७, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटर. ४२० नगांचा लॉट गो प्लग गेजनं (ठरावीक मापाचा दांडा; आत गेला तर भोक पुरेसं मोठं) पास झालेला. तिनं सहज एक नग बोअर डायलवर, म्हणजे भोकाचं प्रत्यक्ष माप दाखवणाऱ्या उपकरणावर लावला, तर तो ५ मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी. गेज जातोय आणि बोअर मात्र लहान, म्हणजे गेजची आत जाणारी गो बाजू झिजलेली असणार. मोजली तर ८ मायक्रॉन झीज. कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजचीच अचूकता तपासून घ्यायची तारीख उलटून १९ दिवस झालेले आणि ती यादी सांभाळणं तिचंच काम. संध्याकाळी सातची गाडी दारात. सुपरवायझर म्हणाले, “गेज जातोय ना? मग सोड माल.”

‘काहीच घडलेलं नाही’ म्हणणाऱ्या मुलीचा हा एकच प्रसंग. तिला विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं यातच होती.

मांडणीसाठी परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम हा चार टप्प्यांचा साचा चालतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून बरेच जण त्याला स्टार म्हणतात. बिघडतं ते वेळेच्या वाटणीत. बहुतेक जण परिस्थितीवरच दीड मिनिट घालवतात: कंपनी कधी सुरू झाली, मशीन किती, साहेब कसे. पूर्ण उत्तर दोन मिनिटांच्या आत बसवायचं, तर परिस्थितीला १५-२० सेकंद, जबाबदारीला एक वाक्य आणि परिणामाला १५ सेकंद पुरतात. उरलेला सगळा वेळ कृतीचा.

तिच्या कृतीचा भाग शेवटी असा झाला: “मी लॉटला लाल टॅग लावला. सुपरवायझरना झिजलेला गेज आणि डायलचं रीडिंग शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. गाडी रिकामी जाऊ नये ही त्यांची अडचण खरी होती. म्हणून मी सुचवलं, की ग्राहकाला लगेच लागणारे १५० नग मी बोअर डायलवर तपासून देते. एका नगाला साधारण ४५ सेकंद, म्हणजे दोन तास. गाडी नऊला सोडा, बाकीचा माल उद्या. त्यांनी मान्य केलं.” परिणाम: पूर्ण लॉटमध्ये ३१ नग कमी मापाचे निघाले, होनिंग करून, म्हणजे भोक आतून बारीक घासून मापात आणून, सगळे वाचले, भंगारात एकही गेला नाही.

सुपरवायझर इथं खलनायक नाहीत, हे पाहा. मतभेदाच्या प्रश्नात समोरच्याची बाजू एका वाक्यात नीट सांगता आली, तर अर्धं काम झालं. जुन्या साहेबांचं उणंदुणं काढणाऱ्याला मुलाखत घेणारा मनात म्हणतो, उद्या हा माझंही काढणार.

चुकीच्या प्रश्नाला हाच प्रसंग दुसऱ्या टोकाकडून सांगायचा. सुरुवात ‘तारीख माझ्याकडून हुकली’ इथून आणि वजन नंतर काय बदललं यावर: १५ दिवस आधी दिसेल अशी यादी तिनं गेजच्या कपाटावर लावली. ‘मी फार बारकाईनं काम करते, हीच माझी चूक’ असली उत्तरं कृपा करून देऊ नका. ऐकणाऱ्याला ती पाठ झालेली असतात.

महापुराबद्दलही सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर, २०२१ च्या जुलैमधला पूर, मंडळानं केलेली मदत, हा प्रसंग इथले बरेच उमेदवार हमखास काढतात. काम खरंच मोठं होतं. पण ‘त्यात तुमचं नेमकं काम कोणतं?’ विचारलं की गाडी पुन्हा ‘आम्ही’वर येते. तीन दिवस जेवणाच्या पाकिटांचा हिशेब एकट्यानं ठेवला असेल, तर तेवढंच सांगा. नव्या उमेदवारालाही ते चालतं. होडीतल्या फोटोपेक्षा तो हिशेब जास्त बोलतो.

पाठांतर करू नका. तिनं सहा प्रसंगांची सहा कार्डं केली आणि प्रत्येकावर फक्त पाच शब्द लिहिले. गेजच्या कार्डावर होतं: डायल, टॅग, १५०, होनिंग, यादी. आधी आपल्या कोल्हापुरी बोलीत सांगायचं, मग मुलाखतीच्या भाषेत, आणि फोनवर रेकॉर्ड करून ‘आम्ही’ मोजायचे. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत अकरा होते, आठव्या दिवशी दोन. ते दोन राहू दिले, कारण सॉर्टिंगला खरंच दोघं होते. ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर मात्र काढून टाकला. जुन्या कंपनीची गुपितं सांगणारा कुणालाच नको असतो.

सरावात प्रत्येक उत्तरावर तीन उपप्रश्न आले: तेव्हा दुसरा पर्याय काय होता? सुपरवायझर ऐकलेच नसते तर? आज तसंच कराल का? रचलेली गोष्ट बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उसवते, घडलेली तग धरते.

पुढच्या मुलाखतीत तिला विचारलं, ‘कुणाला काही शिकवल्याचा प्रसंग?’ असं कार्डच नव्हतं. “दहा सेकंद द्या,” म्हणून ती थांबली आणि गेजची झीज कशी ओळखायची हे रात्रपाळीच्या दोन ऑपरेटरना दाखवलं होतं, ते तिनं सांगितलं. निकाल अजून यायचा आहे.