सातशेचा चष्मा

पत्र: ताई नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. लग्नाला 24 वर्षं झाली, कधी भांडण नाही. पण लाडक्या बहिणीचे 1500 चालू झाल्यापासून बायको बदलली. आधी दहा रुपये लागले तरी मला मागायची, आता न विचारता खर्च करते. पहिले 3000 आले त्यात माहेरी बारशाला जाऊन आली, सातशेचा चष्मा केला, मिक्सरचं भांडं आणलं, पाचशे भिशीत टाकले. हिशोब मागितला की गप्प बसते. आई पण म्हणते चष्मा घालून कुठं हापिसात जायचंय. तसं स्वयंपाकात तिचं त्याच्या आधी दोन वर्षांपासूनच लक्ष नव्हतं, वरणात खडे लागायचे, बोललो की रडायची, आता ते थांबलंय पण बोलणं पण थांबलंय. आता केवायसीला माझा ओटीपी लागतोय, तर मी म्हटलं आधी हिशोब दे मग ओटीपी. तिला कसं समजावू? (मोबाईलवर अक्षर लागत नाही म्हणून पुतण्याकडून टाइप करून घेतलंय, चूकभूल माफ करा.)

भाऊ, ओटीपीचं आधी उरकते. आजच द्या. मुदत निघून गेली आणि पैसे अडकले तर तुमच्याच घरात येणारे महिन्याचे 1500 बंद होतील, मग हिशोब कशाचा मागणार? यावर मला आणखी काही बोलायचं नाही.

मला चष्म्याबद्दल बोलायचंय. बारसं आणि मिक्सरच्या भांड्याच्या मधे तुम्ही तीन शब्दांत तो उरकून टाकलात, आणि मी पत्र वाचताना तिथंच अडकले, मग सगळं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वरणात खडे लागायचे, दोन वर्षं. तिचं लक्ष नव्हतं असं तुम्ही म्हणता. आणि चष्मा आल्यावर ते थांबलं. भाऊ, हे दोन्ही तुम्हीच लिहिलंय, एकाच पत्रात, चार ओळींच्या अंतरानं, आणि ते एकमेकांना जोडलेलं आहे हे तुमच्या ध्यानातच आलं नाही?

तिला दिसत नव्हतं हो.

वय तुम्ही लिहिलं नाही, पण लग्नाला 24 वर्षं म्हणजे चाळिशीच्या आसपास असणार. या वयात जवळचं दिसेनासं होतं, सगळ्यांनाच होतं, इतकं नेमानं की आपल्या भाषेत त्या चष्म्याचं नावच चाळिशी आहे. तांदळातला पांढरा खडा, तुरीच्या डाळीतला तांबडा खडा, सुईचं नेढं, औषधाच्या पाकिटावरची तारीख, सगळं धूसर होत जातं. तुमची बायको दोन वर्षं अंदाजानं डाळ निवडत होती, त्यावर तुमची बोलणी खात होती आणि रडत होती, कारण आपलं काय चुकतंय हे बहुतेक तिलाही आधी कळलं नसेल.

माझी आई दुपारी सूप घेऊन उंबऱ्यात बसायची, ऊन जिथं पडतं बरोबर तिथं. डाळ बोटांनी पसरायची आणि नुसती चाचपत राहायची, नजर कुठंतरी अंगणात. मला वाटायचं तिची निवडायची पद्धतच तशी. सुईत दोरा ओवायचा असला की शेजारच्या पोराला हाक मारायची आणि वर त्याला गुळाचा खडा द्यायची, त्यामुळे आम्हाला ती गंमतच वाटायची. तिच्या नाकावर शेवटपर्यंत चष्मा आला नाही. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, तिनं कधी मागितलाच नाही.

तुम्ही लिहिता, आधी दहा रुपये लागले तरी मला मागायची. बरोबर आहे. दहा रुपये मागता येतात, मीठ संपलं म्हणता येतं, पोराला वही पाहिजे म्हणता येतं. चष्म्यासाठी सातशे मागायचे तर आधी घरात सगळ्यांसमोर म्हणावं लागतं की मला दिसत नाही. ज्या घरात खड्यांवरून आधीच ऐकून घ्यावं लागतंय तिथं कुठली बाई हे म्हणेल? आणि म्हटलं असतं तर काय उत्तर आलं असतं तेही तुम्हीच लिहिलंय, तुमच्या आईच्या तोंडचं. 24 वर्षांत भांडण झालं नाही म्हणता ना, ते यामुळे झालं नाही. तिनं दहाच्या वर काही मागितलंच नसेल.

1500 म्हणजे दिवसाचे 50 रुपये, कुणाची गरिबी हटत नाही त्यानं. पण हे पैसे मागून मिळालेले नाहीत, तिच्या स्वतःच्या आधार जोडलेल्या खात्यात सरळ आलेत, आणि फरक सगळा तिथं पडतो. ऑगस्ट 2024 मधे राखीच्या तोंडावर जुलै आणि ऑगस्टचे मिळून 3000 आले तेव्हापासून मला बायकांची पत्रं येतायत. एकीनं तीन वर्षं दुखणारी दाढ काढून घेतली. एकीनं मुलीच्या नर्सिंगचा फॉर्म भरला. एकीनं फक्त चप्पल घेतली, स्वतःच्या मापाची, तोवर ती मुलाची जुनी घालत होती. यातली कुठलीच गोष्ट फार महाग नव्हती, फक्त ती मागायला तोंड उघडायला लागलं असतं.

आणि हिशोबाचं म्हणाल तर सातबारा तुमच्या नावावर आहे ना? म्हणजे पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि नमो शेतकरीचे आणखी 6000, दर चार महिन्याला दोन-दोन हजार, तुमच्या खात्यात येत असणार. बारा हजार झाले. खुरपणीला, वेचणीला ती पण त्याच रानात वाकते. त्या पैशाचा हिशोब तिनं कधी मागितला का? ती गप्प बसते कारण हिशोब सांगायचा म्हणजे सातशेपुढं कारण सांगावं लागणार, आणि कारण हे की दोन वर्षं मला दिसत नव्हतं आणि तुम्हाला ते कळलं नाही. ती तुम्हाला वाचवतेय भाऊ.

आईंना वाटतं चष्मा हापिसात घालायचा असतो. त्यांना एवढं सांगा, आसाममधे चहाच्या मळ्यावरच्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहिलं होतं, निम्म्यांना आधी आणि निम्म्यांना नंतर, तर चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी दुसऱ्यांपेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढली, 2018 साली ते छापून आलंय. चहाची पानं काय आणि कापसाचं बोंड काय, दोन्ही हातभर अंतरावरचं काम. आपल्याकडे वेचणी किलोवर असते, तुम्हाला मी काय सांगायचं, उद्या ती दुसऱ्याच्या रानात वेचायला गेली तर संध्याकाळी काट्यावर चार किलो जास्तच भरतील.

आता तुमच्या कंसाकडे येते. अक्षर लागत नाही म्हणून पुतण्याकडून टाइप करून घेतलं. म्हणजे तुम्हालाही लागलीय चाळिशी. खताच्या गोणीवरचं, फवारणीच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं तुम्ही कसं वाचता? तेही पुतण्याच वाचतो की अंदाजानं टाकता? फवारणीत अंदाज चालत नाही, माहितीये ना तुम्हाला?

तेव्हा तिला समजवायचं वगैरे सोडून द्या, तिला काही समजवायचं राहिलेलं नाही. येत्या आठवडी बाजाराला तिला घेऊन तालुक्याला जा आणि स्वतःचे डोळे तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात दाखवा किंवा तिनं केला त्या दुकानात, पण कुठं जायचं हे तिला विचारा, तिला माहितीये. पैसे तुमच्या किसानच्या हप्त्यातले. मनात माफीचं असेल तर ते एसटीत बोलू नका, तिला चारचौघांत अवघडल्यासारखं होईल. तिथं हातात एक पुठ्ठा देतात, वरची अक्षरं ठळक, खाली खाली बारीक होत जाणारी. तुम्ही थांबाल तिथून पुढं तिला वाचायला सांगा, आणि ती कुठल्या ओळीपर्यंत जाते ते ऐका.